कॉलेज फुटबॉलचे पंच चुकले, तर जाब कोणी विचारायचा?

अटलांटाकर

शनिवारी कॉलेज फुटबॉल (अमेरिकेतलं, चेंडू हातात घेऊन खेळायचं) बघणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय. विषय खेळाडूंचा नाही, पंचांचा आहे.

१९ ऑक्टोबर २०२४ चा ऑस्टिनमधला टेक्सास आणि जॉर्जिया या विद्यापीठांचा सामना ज्यांनी पाहिला, त्यांना तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी काय झालं ते आठवत असेल. टेक्सासच्या बचावपटूने जॉर्जियाचा पास मधल्यामध्ये पकडला आणि तो पळत सुटला. पण पंचांचा पिवळा फ्लॅग, म्हणजे नियमभंगाची खूण, पडला होता. त्याच बचावपटूवर पास इंटरफिअरन्स (पास पकडणाऱ्याला आडवं येणं), म्हणजे इंटरसेप्शन रद्द आणि चेंडू परत जॉर्जियाकडे. मी जॉर्जियाचा समर्थक आहे, तरी सांगतो, तो फ्लॅग पडायला नको होता. मग प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. खेळ थांबला, मैदान साफ होईपर्यंत काही मिनिटं गेली, आणि तेवढ्यात पंचांनी आपापसात बोलून फ्लॅग मागे घेतला. चेंडू टेक्सासला मिळाला आणि थोड्याच वेळात त्यांचा टचडाउनही (चेंडू गोलरेषेपार नेणं) झाला. सामना जॉर्जियाने ३०-१५ असा जिंकला म्हणून पुढे फार गाजलं नाही. एसईसी या कॉन्फरन्सने, म्हणजे दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या विद्यापीठांच्या गटाने, दुसऱ्या दिवशी टेक्सासला अडीच लाख डॉलर दंड केला आणि बाटल्या फेकणाऱ्यांना व्हिडिओवरून शोधायला सांगितलं.

जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी सामन्यानंतर जी काळजी बोलून दाखवली ती मला अजून पटते. मैदानात वस्तू फेकल्या की निर्णय फिरू शकतो, असा पायंडा यातून पडला. निर्णय शेवटी योग्य झाला असेल, पण तो ज्या वाटेने झाला ती वाट भयंकर आहे. कॉलेजच्या नियमांत पास इंटरफिअरन्सवर रिप्ले घेता येत नाही. म्हणजे पंचांनी एकमेकांशी बोलूनच तो बदलायचा होता, आणि तसं बोलायला नियमाची आडकाठी नाही. पण ते बोलणं लगेच व्हायला हवं होतं, बाटल्या पडायच्या आधी.

माझा मुख्य मुद्दा पुढे आहे. या पंचांना नेमतं कोण? कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए नाही. नेमणूक, मानधन, गुण, बढती, निलंबन हे सगळं कॉन्फरन्सच्या हातात असतं. ज्या कॉन्फरन्सचे संघ मैदानात आहेत आणि ज्या कॉन्फरन्सला त्या संघांच्या यशावर पैसा मिळतो, तीच पंचांची मालक. २०२२ मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने प्रक्षेपणाचे जे करार केले ते ७ वर्षांचे, सुमारे ७ अब्ज डॉलरचे. इतका पैसा पणाला लागलेला असताना पंचांचं मूल्यमापन त्याच घरात ठेवणं मला योग्य वाटत नाही. कोणी लबाडी करतं असं मी म्हणत नाही. तशी शंका घ्यायलाही जागा नसावी, एवढंच म्हणतो.

दुपारचा_चहा

धागा चांगला आहे. मुलगा पर्ड्यू विद्यापीठात असल्यामुळे दोन वर्षांपासून मीही सामने बघायला लागले. थोडं मुळापासून सांगाल का कोणी? मैदानात इतके पंच कशाला लागतात, आणि पांढरी टोपी एकाच्याच डोक्यावर का असते?

साइडलाइन

ताई, मी सांगतो. मी ओहायोत शाळांचे आणि लहान कॉलेजांचे सामने करतो, हेड लाइन जज म्हणून. मोठ्या कॉलेजांच्या पातळीवर मी नाही, पण कामाची पद्धत तीच आहे.

वरच्या पातळीवर आठ पंच असतात. पांढरी टोपी असते ती रेफरीची, क्रूचा, म्हणजे पंचांच्या चमूचा, प्रमुख तो. बाकी सगळ्यांच्या टोप्या काळ्या. रेफरी आक्रमण करणाऱ्या संघाच्या मागे उभा राहतो, त्याच्या जोडीला सेंटर जज. अंपायर समोर, बचावफळीच्या आत, सगळ्यात धोक्याच्या जागी. रेषेच्या दोन्ही टोकांना हेड लाइन जज आणि लाइन जज. मागे खोलवर फील्ड जज, साइड जज आणि मधोमध बॅक जज. आठवा माणूस, म्हणजे सेंटर जज, नंतर आला. संघ घाईघाईने खेळायला लागले, चेंडू जागेवर ठेवून पुढचा डाउन (चेंडू पुढे नेण्याचा एकेक प्रयत्न, असे चार मिळतात) सुरू करायला पंचांची तारांबळ व्हायला लागली, तेव्हा २०१३ मध्ये बिग १२ या कॉन्फरन्सने प्रयोग केला आणि तो सगळीकडे रुजला.

आता टीव्हीवर दिसत नाही ते. प्रत्येक पंचाच्या मनगटाला एक इलॅस्टिक असतं, त्याचा फास बोटात अडकवलेला. पहिला डाउन असेल तर पहिल्या बोटात, दुसरा असेल तर दुसऱ्या. डाउन संपला की फास पुढच्या बोटावर. ही सवय इतकी अंगात भिनावी लागते की डोकं दुसरीकडे असलं तरी बोट हललं पाहिजे. प्रत्येक स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाउन सुरू करण्याच्या) आधी खेळाडू मोजायचे, काही पंचांनी आक्रमणाचे, काहींनी बचावाचे, आणि अकरा भरले की एकमेकांना मुठीने खूण करायची. चेंडू निसटला तर त्या जागी बीन बॅग टाकायची, फ्लॅग नाही. फ्लॅग फक्त गुन्ह्यासाठी.

त्या फ्लॅगचीही गोष्ट आहे. ओहायोतल्या यंग्सटाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांना पंचांचे भोंगे आणि शिट्ट्या आवडायच्या नाहीत, कारण गोंगाटात ऐकू यायचं नाही आणि खेळाडू मधेच थांबायचे. त्यांच्या पत्नीने कापडाचे तुकडे शिवून दिले आणि १९४१ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या सामन्यात पंचांनी ते पहिल्यांदा वापरले. आज जगभर जो फ्लॅग दिसतो तो एका घरच्या शिवणकामातून आलेला आहे.

बाकी सविस्तर रात्री लिहितो, आता कामावर आहे. हो, आम्हा बहुतेकांची दुसरी नोकरी असते. अगदी वरच्या कॉन्फरन्समधल्या पंचांचीही.

रानवारा

पंचांच्या चुकांचा विषय निघाला आणि पाचव्या डाउनचं नाव अजून कोणी काढलं नाही?

६ ऑक्टोबर १९९०, कोलंबिया, मिझुरी. कोलोराडो २७-३१ ने मागे, शेवटची काही सेकंदं, चेंडू गोलरेषेपासून तीन यार्डांवर. पहिल्या डाउनला चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं. दुसऱ्याला धाव अडवली गेली. कोलोराडोने टाइमआउट घेतला आणि त्या गडबडीत डाउनची पाटी बदलायची राहिली. पाटीवर दोनच. मग तिसऱ्याला पुन्हा धाव, पुन्हा अडवली. पाटी आता तीन दाखवतेय, म्हणून कोलोराडोने चेंडू परत आपटला. तो खरं तर चौथा डाउन होता, तिथे चेंडू मिझुरीला जायला हवा होता. त्याऐवजी पाचवा डाउन खेळवला गेला, त्यावर टचडाउन दिला गेला, आणि कोलोराडो ३३-३१ ने जिंकलं. निकाल कायम राहिला. पंचांना निलंबित केलं गेलं. कोलोराडोने त्या वर्षी एपी या वृत्तसंस्थेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

याच्या बरोबर उलट गोष्ट ५० वर्षं आधीची. १६ नोव्हेंबर १९४०, कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. तिथेही शेवटच्या क्षणी पंचांनी पाचवा डाउन दिला आणि कॉर्नेल ७-३ ने जिंकलं. मग फिल्म पाहिली गेली. रेफरी रेड फ्रायसेल यांनी चूक लेखी कबूल केली, आणि कॉर्नेलने तार करून विजय सोडला. डार्टमथ ३-०, आजही नोंद तशीच आहे. कॉर्नेल तोपर्यंत कित्येक सामने हरलं नव्हतं, तरी सोडला.

मला कॉर्नेलइतकाच तो रेफरी मोठा वाटतो. त्याला कोणी भाग पाडलं नव्हतं.

चिखलदरा

मी हा खेळ बघत नाही, पण पंचांचा प्रश्न आपल्याला परका नाही. क्रिकेटमध्ये यजमान देशाचेच पंच असायचे तेव्हा प्रत्येक दौऱ्यावर भांडणं व्हायची. १९८६ मध्ये इम्रान खानच्या आग्रहावरून पाकिस्तान-वेस्ट इंडिज मालिकेत आपले दोन पंच लाहोरला उभे राहिले, मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. भारतीय पंच पाकिस्तानात, आणि दोन्ही संघांना चालले! पुढे १९९४ पासून कसोटीत एक तटस्थ पंच आणि २००२ पासून दोन्ही तटस्थ. आयसीसीची एलिट पॅनेलही २००२ चीच. अमेरिकेला इतक्या वर्षांत हे सुचलं नाही?

अटलांटाकर

चिखलदरा, अगदी मनातलं बोललात. अर्धं इथेही आहे. दोन वेगळ्या कॉन्फरन्सचे संघ खेळतात तेव्हा साधारणपणे पाहुण्या संघाच्या कॉन्फरन्सचे पंच येतात. मोसमाच्या शेवटच्या बोल सामन्यांना तिसऱ्याच कॉन्फरन्सचा क्रू असतो. पण हंगामातले बहुतेक सामने कॉन्फरन्सच्या आतले असतात, तिथे सगळं घरचंच.

२००६ चा ओरेगन-ओक्लाहोमा सामना आठवा. ओरेगनच्या मैदानात, पंच पॅक-१० चे, म्हणजे ओरेगनच्याच कॉन्फरन्सचे. ऑनसाइड किकवर (चेंडू पुन्हा आपल्याकडेच यावा म्हणून मारलेली आखूड किक) ओरेगनच्या खेळाडूने चेंडू दहा यार्ड जायच्या आधीच स्पर्श केला, शिवाय चेंडू ओक्लाहोमाच्या हातात होता. रिप्ले बघूनही चेंडू ओरेगनला दिला. ओरेगन ३४-३३. पॅक-१० ने माफी मागितली, क्रू आणि रिप्ले अधिकारी एका सामन्यासाठी निलंबित. तिथे कोणी मुद्दाम केलं असं मी अजूनही मानत नाही. पण ओक्लाहोमाच्या माणसाला हे कसं पटवायचं?

पंचांच्या राष्ट्रीय समन्वयकाचं पद आहे, २०२० पासून तिथे स्टीव्ह शॉ आहेत. नियमांचा अर्थ देशभर एकच लावला जावा हे ते बघतात. पण पंच त्यांचे नाहीत.

साइडलाइन

रात्र झाली, आता सविस्तर.

अटलांटाकर, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण दुखणं मला दुसरीकडे दिसतं. मूल्यमापन होत नाही अशी समजूत असेल तर ती काढून टाका. वरच्या पातळीवर प्रत्येक सामन्याची फिल्म एक मूल्यमापक एकेक प्ले थांबवून बघतो. टाकलेला प्रत्येक फ्लॅग बरोबर की चूक, आणि न टाकलेला कुठे टाकायला हवा होता, तेही. पंच योग्य जागी उभा होता का, बघत काय होता, शिट्टी लवकर गेली का. या गुणांवर कोणाला बोल सामना मिळणार ते ठरतं आणि कोणाला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत तेही. उन्हाळ्यात क्लिनिक, नियमांची लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी. सामन्याच्या आदल्या रात्री क्रू एकत्र बसून मागच्या आठवड्याच्या फिल्म बघतो. २०२० पासून मैदानावर पंचांचा अधिकार किक ऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) ९० मिनिटं आधी सुरू होतो, आधी तो ६० मिनिटं होता, कारण वॉर्मअपमध्येच दोन्ही संघ भिडायला लागले होते.

आता चुका. दोन जातीच्या असतात आणि लोक त्या एकाच टोपलीत टाकतात. एक डोळ्याची. वीस-बावीस जण एकमेकांवर आदळताहेत, हात जर्सीत अडकला की नुसता लागला, हे एका क्षणात ठरवायचं. ही चूक माणूस असेपर्यंत होणार. दुसरी नियमाची. तिला माफी नाही.

१० सप्टेंबर २०१६ चा ओक्लाहोमा स्टेट विरुद्ध सेंट्रल मिशिगन बघा. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ ने पुढे, चौथा डाउन. क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूने) वेळ घालवण्यासाठी चेंडू मोकळ्या जागी भिरकावला, घड्याळ शून्यावर. इंटेन्शनल ग्राउंडिंगचा (पकडणारा कोणी नसताना चेंडू मुद्दाम फेकून देण्याचा) फ्लॅग, तो बरोबर. पण ज्या पेनल्टीत डाउन जातो तिच्यासाठी वेळ वाढवून मिळत नाही, नियमात स्वच्छ लिहिलंय. सामना संपला होता. तरी एक जादा डाउन दिला, सेंट्रल मिशिगनने लांब पास टाकला, पकडणाऱ्याने तो साथीदाराकडे फेकला, टचडाउन, ३०-२७. क्रू मॅक कॉन्फरन्सचा आणि रिप्लेवाले बिग १२ चे. दोन्ही कॉन्फरन्सनी आपापल्या माणसांना दोन-दोन सामने बसवलं. निकाल मात्र फिरला नाही, कारण रेफरीने सामना संपल्याचं जाहीर केलं की गुणसंख्या कायम.

यात मला खुपतं ते हे. तो नियम रेफरीला ऐन वेळी आठवला नाही, ठीक. बाकीचे काय करत होते? रिप्लेच्या खोलीत बसलेले? एकानेही पुढे येऊन ‘थांबा’ म्हटलं नाही. १९९० मध्येही तेच. सगळ्यांच्या बोटात इलॅस्टिक होतं ना? एकाचं तरी बोट चौथ्यावर असणारच. तो गप्प बसला, कारण पाटी वेगळं सांगत होती आणि पांढरी टोपी पुढे निघाली होती.

म्हणून आमच्या क्रूमध्ये प्रमुख पंच प्रत्येक सामन्याआधी एकच गोष्ट बजावतात: शंका आली की शिट्टी वाजवून माझ्याकडे ये, सगळ्यात नवखा असलास तरी. चुकीच्या शंकेसाठी मी कोणाला बोलणार नाही, गप्प राहिल्याबद्दल बोलेन. ऑस्टिनला तो फ्लॅग मागे घ्यायला हवा होता हे ज्या पंचाला दिसत होतं, त्याने पहिल्या दहा सेकंदांत जायला हवं होतं. पंच स्वतंत्र मंडळाचे झाले तरी ही सवय आपोआप येणार नाही.

निळीशाई

साइडलाइन, प्रतिसाद फार आवडला. अटलांटाकर, आणखी एक बाजू.

निलंबन जाहीर करायची पद्धत मला खटकते. ३१ ऑक्टोबर २०१५ ला मायामीने ड्यूकविरुद्ध शेवटच्या किक ऑफवर आठ वेळा चेंडू मागे फेकत टचडाउन केला, सामना ३०-२७. मधे एका खेळाडूचा गुडघा टेकला होता, म्हणजे खेळ तिथेच थांबायला हवा होता, आणि रिप्लेला एवढा वेळ घेऊनही ते सुटलं. एसीसी या कॉन्फरन्सने दुसऱ्याच दिवशी चुका मान्य करून क्रूला दोन सामने निलंबित केलं. प्रामाणिकपणा म्हणून ते चांगलंच. पण त्या आठवड्यात त्या माणसांच्या घरी काय फोन आले असतील? ओरेगनच्या त्या रिप्ले अधिकाऱ्याला तर धमक्या आल्या होत्या. सोमवारी हे लोक शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातात.

शाळांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना सांगते की २०१८-१९ नंतरच्या तीनेक वर्षांत सुमारे ५०,००० पंचांनी काम सोडलं. कोविड होताच, पण पालकांची आणि प्रेक्षकांची वागणूक हेही मोठं कारण. कॉलेजचे पंच याच शाळांच्या मैदानांवरून येतात. खालचं आटलं तर वर कोण येणार?

अटलांटाकर

निळीशाई, धमक्यांचं पूर्ण मान्य. म्हणून माझी मागणी थोडी बदलतो. व्यक्तींची नावं नकोत. पण निर्णयांचा हिशेब उघड हवा. आठवड्याला प्रत्येक कॉन्फरन्सने सांगावं की गाजलेले निर्णय कोणते, त्यातले बरोबर कोणते, चूक कोणते आणि का. आज कॉन्फरन्स तोंड उघडते ते फक्त बोंबाबोंब झाल्यावर. शांतपणे झालेली चूक आणि शांतपणे झालेला अवघड, अचूक निर्णय, दोन्ही कपाटात. साइडलाइन यांनी मूल्यमापनाचं जे वर्णन केलं ते वाचून मला पहिल्यांदा या लोकांच्या कामाची खोली कळली. मग ती लपवायची कशाला?

आणि स्वतंत्र मंडळाचा हट्ट सोडत नाहीये. गप्प बसणाऱ्या पंचाला बोलायला बळ कधी येईल? त्याची पुढच्या वर्षीची नेमणूक ज्याच्या हातात आहे तो मैदानातल्या संघाशी बांधलेला नसेल तेव्हा.

रानवारा

पंच पूर्णवेळ करावेत असंही बोललं जातं. एनएफएल या व्यावसायिक लीगने २०१७ मध्ये काही पंच पूर्णवेळ घेतले, २०१९ मध्ये प्रयोग थांबला. कॉलेजात बारा-तेरा आठवड्यांच्या हंगामासाठी ते जमेल असं वाटत नाही.

जास्त काळजी सट्ट्याची आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवल्यापासून राज्यांमागून राज्यांत खेळांवर पैसे लावणं कायदेशीर झालं. बास्केटबॉलच्या एनबीएमधला पंच टिम डॉनहीचं प्रकरण २००७ चं, तेव्हा तर देशाच्या बहुतेक भागात ते बेकायदेशीर होतं. त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. शाळेत शिकवून शनिवारी मानधनावर उभा राहणारा माणूस आणि त्याच सामन्यावर लागलेले कोट्यवधी डॉलर, हे अंतर मला भीतीदायक वाटतं. पंचांच्या आर्थिक तपासणीवर हात आखडता घेऊ नये.

दुपारचा_चहा

किती शिकायला मिळालं! बायका असतात का पंच? मला अजून एकही दिसली नाही.

निळीशाई

असतात, ताई, कमी आहेत. सारा थॉमस हे नाव बघा. २००७ मध्ये त्यांनी मेम्फिस-जॅक्सनव्हिल स्टेट सामना केला, मोठ्या कॉलेजांच्या पातळीवर त्या पहिल्या. २००९ मध्ये बोल सामना, २०१५ मध्ये एनएफएल, आणि २०२१ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. मिसिसिपीतल्या शाळांच्या मैदानांवरून तिथपर्यंत.

चिखलदरा

शेवटी एक व्यावहारिक प्रश्न. माझा भाचा डॅलसला शिकतो. या खेळाचा वेडा आहे, पण खेळायचं वय आणि अंगकाठी नाही. त्याला पंच व्हायचं असेल तर सुरुवात कुठून?

साइडलाइन

दादा, भाच्याला जरूर पाठवा, माणसं हवीच आहेत. गावातल्या पंचांच्या संघटनेत नाव नोंदवायचं, नियमांची परीक्षा द्यायची, उन्हाळ्यातल्या बैठकांना जायचं. पट्ट्यांचा शर्ट, टोपी, शिट्टी, फ्लॅग, बीन बॅग आणि इलॅस्टिक एवढं सामान. पहिली एक-दोन वर्षं लहान मुलांचे आणि मिडल स्कूलचे सामने मिळतील, बऱ्याचदा कामाच्या दिवशी संध्याकाळी. तिथे पालक कुंपणाला टेकून ओरडतात, त्याची सवय तिथेच होते. मग शुक्रवारचे हायस्कूलचे, मग कोणी बघून शिफारस केली की लहान कॉलेज. मोठ्या कॉन्फरन्सपर्यंत पोहोचायला कित्येक हंगाम जातात.

त्याचं एक नशीब चांगलं आहे. बहुतेक राज्यांत शाळांचं नियमपुस्तक वेगळं आणि कॉलेजचं वेगळं, वर गेलं की अर्धं नव्याने शिकावं लागतं. टेक्सासमध्ये शाळांचे सामनेही कॉलेजच्याच नियमांवर होतात. आज वाचेल तेच पुस्तक त्याला शेवटपर्यंत पुरेल. त्याच्या सुरुवातीला फुटबॉलच्या आचारसंहितेची पानं आहेत, बरेच जण ती उलटून पुढे जातात. त्याला सांगा, आधी ती वाच. आणि इलॅस्टिक आजच घे, घरी टीव्हीवर सामना बघताना बोटात अडकवून बस.